सगळ्या चिठ्ठ्या एकाच अक्षरात

बाई, मी सहावीतून अर्ध्यावर शाळा सोडलेली मुलगी. तुमच्या घरी दूध घालायची ती. एवढ्यावर ओळख पटली तर ठीक, नाही पटली तरी आता तुम्ही विचारायला येणार नाही. तुम्ही जाऊन सोळा-सतरा वर्षं झाली आणि मी चाळिशीकडे निघालेली बाई. अक्षर माझं तेव्हाही वाईट होतं, आता तर किराण्याची यादी सोडून काही लिहायचं कामच पडत नाही, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नका. तुमची ती सवय मला माहीत आहे. पाढे चुकले तर माफ, पण वेलांटी चुकली की तुमची भुवई वर.

लिहायचं कारण असं की शाळेचं बोलावणं आलं. माझी मुलगी तुमच्याच शाळेत आठवीत आहे. गेल्या महिन्यात तिने दप्तरातून एक कागद काढून माझ्या पुढ्यात टाकला. मी पोळ्या लाटत होते. कंपनीतल्या माणसांचे डबे करते मी आता, सकाळी पहिल्या पाळीचे, दुपारी दुसरीचे, त्यामुळे माझ्या हाताला पीठ आणि डोक्याला घाई कायमची. म्हटलं, वाच. तिने वाचलं. संमेलनाचा सप्ताह आहे, एक दिवस खेळ, एक दिवस सगळ्या मुलींनी नऊवारी आणि मुलांनी फेटे, एक दिवस शेलापागोटे, आणि शेवटच्या दिवशी जुन्या विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेत परत यावं अशी आग्रहाची विनंती. खाली माझं नाव, माहेरचं. माझ्या डोक्यात पहिलं आलं ते हे की यांना काय पाहिजे? सहावी अर्धवट सोडलेल्या बाईला कोण विद्यार्थिनी म्हणतं? नक्की दोनशे माणसांचं जेवण करून मागणार. मुलीला म्हटलं, "तुझ्या बाईंना सांग, आईला वेळ नाही, भांडीपण नाहीत." ती म्हणाली, "अगं भांडी कुणी मागितली?" मी म्हटलं, "मागतील. आधी कागद येतो, मग माणूस येतो." ती हसली. तिला माझी ही सवय पाठ आहे. दारात कुणी गोड बोलायला लागलं की मी आधी त्याच्या हाताकडे बघते.

ही सवय मला तुमच्यामुळे लागली, असं मी वीस वर्षं म्हणत आले आहे. नवऱ्याला म्हटलंय, नणंदेला म्हटलंय, डबे न्यायला येणाऱ्या माणसांनासुद्धा एकदा म्हटलंय, की मला शाळा आवडायची पण एका बाईंनी माझा विश्वास मोडला. सगळे हळहळायचे. हळहळ फुकट मिळते, घ्यायला बरी वाटते.

तुम्हाला आमची परिस्थिती माहीत होती. वरचं रान कंपनीत गेलं, नदीकडचा तुकडा राहिला आणि तीन म्हशी राहिल्या. आबांना कंपनीच्या फाटकावर उभं राहायचं काम मिळालं, खाकी कपडे मिळाले, पण माणूस शेवटपर्यंत स्वतःला शेतकरीच म्हणवून घ्यायचा. दूध घालायचं काम माझं. पहाटेचा भोंगा झाला की आई किटली भरून द्यायची, मी रेल्वेचं फाटक ओलांडून क्वार्टरच्या वस्तीत शिरायची, सात घरं करायची, तुमचं शेवटचं, आणि रिकामी किटली तुमच्या ओट्याखाली ठेवून तुमच्याच मागे मागे शाळेत. मी चौदा वर्षांची होते, वर्गातल्या मुलींपेक्षा दोन वर्षांनी थोराड, आणि बोलले की हसायच्या. मी 'न्हाई' म्हणायची, 'व्हय' म्हणायची. तुम्ही कधी हसला नाहीत, हेही खरं आहे. मी खोटं लिहायला बसलेली नाही.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. अरुंद, चुन्याने रंगवलेलं, खिडकीत तुळशीऐवजी गवती चहाची कुंडी. तुम्ही आणि तुमची म्हातारी आई, दोघीच. आई कोपऱ्यात पाटावर बसून भाजी निवडत असायची. तिला दिसायचं कमी पण ऐकू यायचं सगळं. तुम्ही केस बांधता बांधता दूध घ्यायचात, आणि मी दारात उभी असताना मला विचारायचात, "काल दिलेला धडा वाचलास का?" मी वाचला म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "मग पहिलं वाक्य सांग." असा तुमचा स्वभाव. संशय काय मी एकटीच घेते असं नाही.

त्या वर्षी शाळेत पहिल्यांदाच आठवडाभराचं संमेलन ठरलं. शाळा नवी होती, पत्र्याची, मैदानात खडी पसरलेली, पण मुलांच्या अंगात वारं शिरलं होतं. लाल, निळा, पिवळा, हिरवा असे चार गट पाडले. आम्ही हिरवे. मुलं दप्तराला हिरवी चिंधी बांधून फिरायची, लाल गटाशी डबा वाटून खायची नाहीत. माझ्या बाकावर बसायची ती क्वार्टरमधली मुलगी लाल गटात गेली, तर तिने आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. इतकं वेड. आणि तुम्ही मला लेझमीच्या पहिल्या रांगेत मधोमध उभं केलंत. का, तर माझा दम तुटत नव्हता. दूध घालून घालून पाय तयार झाले होते. कुणीतरी मागून म्हणालं, "बाई, ही गावाकडची पुढे बरी दिसणार नाही." तुम्ही शिट्टी तोंडातून काढून म्हणालात, "दिसायचं काम रांगोळीचं. हिचं काम लेझीम." तेवढंच. मग परत शिट्टी. आणि दुसऱ्या दिवशी दूध मोजून घेतल्यावर तुम्ही माझ्या हातात हिरवी रिबीन ठेवलीत, नवीकोरी, गुंडाळी न सुटलेली. तुमची आई म्हणाली, "चापूनचोपून बांध गं, नाचताना सुटायची." मला कुणी रिबीन दिली नव्हती तोपर्यंत. मी ती बांधली नाही, किटलीच्या झाकणात घालून घरी नेली आणि आईला दाखवली. आईने विचारलं, "फुकट? का?" बघा, आमच्या घरातच आहे हे.

सराव सकाळी शाळेच्या आधी असायचा. म्हणजे सात घरं उरकायची आणि पळत मैदान गाठायचं. संमेलनाच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. तुमच्याकडे आले, दूध ओतलं. तुम्ही पातेलं हातात घेतलंत, थांबलात. मग बोट बुडवून एक थेंब अंगठ्याच्या नखावर ठेवलात आणि नख तिरपं केलंत. थेंब थांबला नाही, घसरला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हटलं, "म्हस आटाया लागलीय बाई, दूध पातळच येनार." कोपऱ्यात तुमची आई हसली. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. "आटतीय व्हय? बरं बरं," ती म्हणाली. तुम्ही म्हणालात, "आई, राहू दे." आणि मग मला, अगदी हळू, "हे बघ, पातळ असलं तर पातळ म्हणून दे. मी परत करणार नाही आणि कुणाला बोलणारही नाही. पण दाट म्हणून पातळ देऊ नकोस. जा, सरावाला उशीर होतोय." मी तुमच्या दारातून निघाले तेव्हा माझे कान तापले होते. आता तुम्हीच सांगा, एवढं तुमच्या-माझ्यात झाल्यावर पुढचं जे झालं त्यावरून मी काय समजायचं होतं?

शेलापागोट्यांच्या दिवशी सगळी शाळा सतरंजीवर. टेबलावर पाण्याच्या माठाऐवजी कागदाचा चिकटवलेला मोठा मासा, त्याच्या तोंडात चिठ्ठ्या. मुलं त्याला फिशपाँड म्हणायची, तुम्ही शेलापागोटेच म्हणायचात. तुम्ही एकेक चिठ्ठी काढून वाचणार, ज्याची असेल त्याने उठून यायचं, चिठ्ठी घ्यायची, हसून जागेवर जायचं. मुख्याध्यापकांनासुद्धा आला एक, त्यांच्या घोरण्यावर. लोळून हसली पोरं. मीही हसले. मग तुम्ही माझं नाव घेतलंत आणि वाचलंत:

दूध घालते दारोदारी,
नळ असतो वाटेवरी.
लेझीम जेव्हा येते हाती,
हिच्यापुढे ना कुणी टिकती.

पहिल्या दोन ओळींवरच असा हशा झाला की खालच्या दोन माझ्या कानापर्यंत धड आल्याच नाहीत. कुणीतरी 'पाणीऽऽ' म्हणून ओरडलं. मी उठले, कारण उठायचं असतं. तुमच्या हातातून चिठ्ठी घेतली. तिच्यावर नजर गेली आणि पायाखालची सतरंजी सरकली. अक्षर तुमचं होतं, बाई. तुमचा तो 'ळ', खाली गाठ मारल्यासारखा, फळ्यावर रोज बघत होते मी. 'नळ'मधला ळ. मी तुमच्या तोंडाकडे बघितलं. तुम्ही हसत होतात, सगळ्यांसारख्याच, आणि मानेने मला सांगत होतात, हस, हस की. मी हसले नाही. सतरंजीवरच्या मुलींच्या पायांवर पाय देत बाहेर पडले आणि किटलीसुद्धा न घेता घरी आले.

आबांना काय सांगितलं तेही लिहिते, कारण ते तुम्हाला कधी कळलं नसेल. मी सांगितलं की बाईंनी भर शाळेत उभं राहून आपल्याला दुधात पाणी घालणारे म्हटलं. चिठ्ठीचं सांगितलं नाही, माशाचं सांगितलं नाही, मुख्याध्यापकांचं घोरणं सांगितलं नाही. आबा खाटेवर बसले होते, उठून उभे राहिले. रान गेलं तेव्हा हा माणूस रडला नव्हता. त्या दिवशी त्यांचा ओठ थरथरला. म्हणाले, "जिमीन गेली. आता इज्जत पन न्यायला निघाली व्हय शिकल्याली मान्सं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. हातात आमची किटली, घासून लख्ख केलेली. मी गोठ्यात, कडब्याच्या मागे. मला तुमच्या चपला दिसत होत्या, शेणात पडू नये म्हणून जपून ठेवलेलं एकेक पाऊल. तुम्ही म्हणालात, "आज शेवटचा दिवस आहे, तिची लेझीम आहे. पाठवा तिला. चिठ्ठीचं मी तिच्याशी बोलते." आबा म्हणाले, "बोलायचं काय ऱ्हायलंय? भर शाळेत बोललासा की." मला वाटलं आता म्हणाल, तिनेच दूध पातळ आणलं होतं. तुम्ही म्हणाला नाहीत. आबांनी किटली घेतली आणि म्हणाले, "उद्यापासनं तुमच्या घरचं दूध बंद. पोरगीपन यायची न्हाई." तुम्ही म्हणालात, "दूध बंद करा. पोरीला बंद करू नका." मग तुमच्या चपला वळल्या. त्या संध्याकाळी मैदानावर लेझमीचा आवाज होत होता, आमच्या गोठ्यापर्यंत यायचा वारा असला की. पहिल्या रांगेत मधोमध जागा रिकामी ठेवली होती म्हणे. मला वाटलं, मुद्दाम ठेवली, लोकांना दिसावं म्हणून.

पुढे मला कुणी अडवलं नाही, हे खरं. आबा दोन महिन्यांनी स्वतःच म्हणाले, जायचं तर जा. मी गेले नाही. तुम्ही फाट्यावरच्या दूधकेंद्रावरून किटली घेऊन येताना मला दोन-तीनदा दिसलात. लांब पडत होतं ते तुम्हाला. मी तोंड फिरवलं. मग माझं लग्न झालं, आणि त्याच वर्षी कुणीतरी सांगितलं की शाळेतल्या त्या बाई गेल्या, दुखणं अंगावर काढलं. मी तुमच्या क्वार्टरवरून रिक्षाने गेले त्या आठवड्यात. थांबवली नाही.

आता परवाचं. सप्ताहाचा तिसरा दिवस उजाडायचा होता. दुपारचे डबे गेले होते, मी भांडी पालथी घालत होते आणि मुलगी जमिनीवर पालथी पडून लिहीत होती. बाजूला चुरगळलेल्या कागदांचा ढीग. मी सहज वाकून बघितलं. माझ्याच पोरीच्या अक्षरात, टपोरं, वळणदार, लिहिलं होतं: 'फळा हरवला तर हिला उभी करा, खडू उठून दिसेल.' एका मुलीचं नाव. ती मुलगी मला माहीत आहे, आमच्या ओळीत तिसऱ्या घरात राहते, काळीसावळी, फार गुणी. बाई, मी विचार केला नाही. ओला हात तसाच पोरीच्या पाठीत बसला. "हे शिकवतात तुला? लोकांच्या रंगावर लिहायला? लाज नाही?" ती उठून बसली, डोळ्यांत पाणी, पण माझ्यासारखीच तोंडाची फटकळ. "मी नाही लिहिलं! मी फक्त उतरवून काढतेय!"

"उतरवतेस म्हणजे? अक्षर कुणाचं हे?"

"माझंच. सगळ्याच माझ्या अक्षरात आहेत. तसंच असतं ते." तिने चुरगळलेला ढीग माझ्याकडे सरकवला. पन्नास अक्षरं, पन्नास तऱ्हेचे कागद. "ज्या पेटीत पडतात त्या अशा असतात. मग कुणीतरी एकानेच सगळ्या परत लिहायच्या, म्हणजे कुणी टाकली ते अक्षरावरून कळत नाही. भांडणं होत नाहीत. या वर्षी मला दिलंय काम, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून."

मी विचारलं, हे कुणी काढलं. ती म्हणाली, "पहिल्यापासून आहे. शाळा पत्र्याची होती तेव्हा एक बाई होत्या, त्यांनी पाडलेली पद्धत आहे, असं आमच्या बाई सांगतात."

मी मोरीपाशी तशीच बसले. माझा विश्वास बसला नाही, हे आधी सांगते. मी तिची उलटतपासणी घेतली. म्हटलं, मग असल्या घाणेरड्या चिठ्ठ्या फाडायच्या सोडून उतरवायच्या कशाला? ती म्हणाली, "अगदी घाण असेल तर फाडायचीच. पण टोचणारी असेल तर फाडून उपयोग नसतो. ज्याने टाकली तो मग तोंडाने सांगत फिरतो. म्हणून ती ठेवायची आणि खाली आपण दोन चांगल्या ओळी जोडायच्या. हिच्याखाली मी लिहिणार होते, तू मारलंस." आणि तिने पाठ चोळत ती चिठ्ठी माझ्यासमोर पुरी केली. 'पण गणिताच्या तासाला सगळे, हिच्याच वहीत डोकावणारे.' मग म्हणाली, "आणि ज्याच्या नावाची एकही नसते त्याला आपणच एक बनवून टाकायची. चिठ्ठी नाही आली की जास्त रडू येतं, आई."

मी उठले आणि फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला. त्यात माझ्या जन्माचे कागद, हळदीकुंकवाची नाणी, हिरवी रिबीन आणि तुमची चिठ्ठी. हो, ठेवली होती. पुरावा म्हणून ठेवली होती. वीस वर्षांत कितीतरी वेळा काढून वाचली, दरवेळी वरच्या दोन ओळींवर रक्त चढायचं आणि खालच्या दोन मला टोमणा वाटायच्या, की शाळेत ढ, नुसती नाचण्यात पुढे. त्या दुपारी पहिल्यांदा खालच्या ओळी आधी वाचल्या. 'टिकती' असं आमच्या वर्गातल्या कुठल्या पोराने लिहिलं नसतं. ते तुमचं आहे.

तरी मी संमेलनाला गेले ती खात्री करायलाच. शेवटच्या दिवशी जुन्यांचा मेळावा. इस्त्रीची साडी, हातात पिशवी, फाटकातच एका मुलीने माझ्या पदराला हिरवी चिंधी टाचली आणि मी तिला विचारलं, "किती द्यायचे?" ती पोर बघतच राहिली. सिमेंटच्या इमारतीत दर्शनी भिंतीवर गेलेल्या शिक्षकांचे फोटो, त्यात तुमचा. फोटोत तुम्ही फार तरुण आहात, माझ्याहून लहान. मला वाटत होतं तुम्ही म्हाताऱ्या होतात.

तिथे ती भेटली, माझ्या बाकावरची, लाल गटातली. आता प्राधिकरणाच्या वसाहतीत बंगला, चष्मा, केस आखूड. तिनेच मला ओळखलं आणि तिनेच शाळेला माझं नाव कळवलं होतं. "अगं, किती शोधलं तुला!" मी म्हटलं, "कशाला?" ती म्हणाली, "कशाला काय कशाला? बाकावर शेजारी बसायचीस म्हणून!" मी फिरून फिरून तिला फिशपाँडवर आणलं. तिला माझा आठवत नव्हता. शपथ घेऊन सांगते, नव्हता; मी तिचे डोळे बघत होते. स्वतःचा मात्र अक्षरन् अक्षर पाठ. "मला 'नाकात बोलते मैना' असा पडला होता, मी घरी जाऊन दोन तास आरशासमोर बोलून बघत होते!" आजूबाजूच्या बायका जमल्या, प्रत्येकीला आपापला पाठ आणि दुसरीचा एकीलाही नाही. मी हळूच विचारलं, "क्वार्टरच्या कोपऱ्यावर नळ होता, आठवतो?" ती म्हणाली, "न आठवायला काय झालं, आमच्या खिडकीखालीच होता की. सकाळी तू तिथे किटली विसळायचीस ना?"

मी म्हटलं, "हो. विसळायची."

मग मैदानावर जुन्या मुलींना लेझमी वाटल्या. मी नाही म्हटलं, कुणीतरी हातात कोंबली. हाताला आठवत होतं, बाई, दमाला नाही. दोन फेऱ्यांत छाती भरून आली. सगळा वेळ मी रांगेतून बघत होते की कोण हसतंय. माझी पोर हसत होती, आणि ती फळ्याच्या चिठ्ठीतली मुलगी, दोघी एकमेकींच्या गळ्यात हात घालून.

मला अजून तुमच्यावर पुरता विश्वास नाही, हे लिहून ठेवते. तुम्ही ती चिठ्ठी फाडू शकत होतात. मला दूध घालताना दारात सांगू शकत होतात की अशी एक आली आहे, मनाची तयारी ठेव. वाचली की संपते असं तुम्हाला वाटलं असेल तर तुम्हाला आमच्यासारखी माणसं कळली नव्हती. आणि मनाच्या तळाला असंही येतं, की कदाचित माझ्या नावाची तेवढी एकच होती, ती फाडली असती तर मला एकही उरली नसती. असेल. नसेल. विचारायला आता कोण आहे?

पण एक गोष्ट मी घरी येऊन चिठ्ठी समोर ठेवून नीट जुळवली, आणि ती कुठेच सुटत नाही. चिठ्ठीत नळ आहे. तुम्हाला नळ कुठून माहीत? तुम्ही तर फक्त थेंब बघितला होता, आणि मी तर दोष म्हशीवर ढकलला होता. वरच्या ओळी तुमच्या असत्या तर त्यात म्हैस आली असती. नळ त्यालाच माहीत, ज्याने खिडकीतून मला तिथे बघितलं. हे एवढं सोपं होतं आणि ते मला वीस वर्षं सुचलं नाही, कारण ते सुचायचं तर आधी मला नळावर उभं राहावं लागत होतं. त्या सकाळी रेल्वेच्या फाटकापाशी सरावाच्या घाईत मी पडले. किटली कलंडली, दीड माप दूध खडीत गेलं. शेवटचं घर तुमचं. नळावर भरून काढलं. एकदाच. हे एकदाच तरी तुम्ही खरं माना.

हे पत्र टाकायला पेटी नाही. घडी करून त्या डब्यातच ठेवीन, तुमच्या चिठ्ठीखाली, पोरीच्या हाती लागलं तर लागलं. तुमच्या आईला मात्र तेव्हाच कळलं होतं, म्हणून ती हसली. आटायला आलेल्या म्हशीचं दूध पातळ होत नाही, बाई. दाट होतं. म्हशी असलेल्या घरात लहान पोरालाही हे कळतं, आणि मी तर चौदा वर्षांची होते.